मागच्या बाजूचं नाव

नागपूर, ता. १८ नोव्हेंबर १९७४

प्रेमिला,

पत्राच्या सुरुवातीले आशीर्वाद लिहायचा असते, तो तू धरून घे. मी रागात आहे. आखितीले माहेरी गेली तेव्हा दारातून काय म्हणली होती? "आठ रोजात येते, माय." तिकडे पेरण्या झाल्या, पोळा झाला, महालक्ष्म्या बसल्या आन् उठल्या, दिवाळीही गेली. तुझे आठ रोज अजून चालूच आहे. तुझ्या भावाले लिहिता येते, तुले लिहिता येते, मंग घरात कागद नाही का शाई नाही? का पोस्टमननं तुमच्या गावाशी अबोला धरला?

बरं. चिडून पत्र चुलीत घालशीन, म्हणून कामाचं पहिले लिहिते. तुझं इथं एक काम निघालं आहे. सही पाहिजे. तुझीच पाहिजे, तुझ्या बदल्यात दुसऱ्या कोणाची चालत नाही. काय काम ते आल्यावर सांगीन. संक्रांतीच्या आत ये, त्यानंतर आली तर काही उपयोग नाही. एस्टीचं भाडं माझ्याकडून.

आता आपल्या लॉटरीच्या टेबलाचं ऐक. दिवाळीच्या सोडतीत आपल्या टेबलावरचा नंबर लागला. खरंच, माझ्या लेकाची, विश्वनाथची शपथ. तिसरं बक्षीस, दहा हजार! इतवारीचे नानाजी, ज्यायच्याकडून आपण तिकिटं उचलतो, ते सोता रिक्षात बसून बर्डीवर आपल्या टेबलापाशी आले. झेंडूचा हार आणला होता. तो कोणाच्या गळ्यात घालावा हे त्यायले समजे ना. मी अशी बिनकुंकवाची, चार लोकायत माझ्या गळ्यात हार कसा घालते? शेवटी टेबलाच्या छत्रीले घातला. एक पुठ्ठाही लिहून आणला होता लाल रंगानं, 'दहा हजाराचे तिकीट येथूनच गेले'. तेव्हापासून गर्दी पाहायची होती तू. समोरचा टेबलवाला माशा मारून राहिला आन् माझ्याकडे असा पाहते जसं काही मी त्याच्या ताटातलं उचललं.

विश्वनाथ असता तर हसला असता. टेबल त्यानंच टाकलं होतं, पण गिऱ्हाइकाले खरं सांगायची भारी खोड होती त्याले. "भाऊ, सहा चकत्या असते. एकेकीवर शून्यापासून नऊ. लोकायसमोर फिरवते आन् थांबवते. चकतीले तुमचं नाव माहीत नाही, आमचं टेबल माहीत नाही, मागच्या बारीले काय निघालं तेही तिच्या ध्यानात नाही राहत. लाखो तिकिटायतून पहिलं एकच." गिऱ्हाईक सगळं ऐकून घे, मान हलवे आन् म्हणे, "बरोबर आहे भाऊ. शेवटी सात असलेलं दे." तू तोंडाले पदर लावून हसत होती.

मी काही खरं सांगत नाही. सगळे नेहमीचे येऊन राहिले. रेल्वेचे गार्डसाहेब म्हणते, "बाई, खिशात तिकीट असलं का घरी बायको बोलली तरी मले ऐकू येत नाही. मी मनात बंगल्याचा जिना चढत असतो." धंतोलीच्या दवाखान्यात आया आहे ना, त्या यमुताई, त्या अजून दर बारीले एक तिकीट घेते आन् नंबर पाहतच नाही. मी विचारलं, काहून वं? तर म्हणते, "पाहिलं का संपलं ना. जोवर नाही पाहिलं तोवर माझं लागलेलंच आहे." पहिले मी तिले येडी म्हणत होती. आता म्हणत नाही.

सगळे विचारते, दहा हजार कोणाले लागले? मी सांगते, चालतं गिऱ्हाईक होतं, ठेसनाकडे निघून गेलं. ते खोटं आहे. बाकीचं तू आल्यावर.

तुझी सासू,
भागीरथा


नागपूर, ता. ३ डिसेंबर १९७४

प्रेमिला,

हे पत्र मी पेटीत टाकणार नाही. म्हणून यात खरं लिहिते.

तिकीट तुझं आहे.

बांधलेल्या गिऱ्हाइकायची आपली रीत तुले सांगायले नको, तूच ते काम करत होती. रोजच्या माणसाचं तिकीट अलग काढायचं, मागच्या बाजूले पेन्सिलनं त्याचं नाव लिहायचं. सोडतीच्या आधी आला तर त्याचं, नाही आला तर खोडरबर मारून नानाजीकडे वापस. फक्त तुझंच एक शाईनं असे. तेही विश्वनाथचंच खूळ. लग्नात मी तुझं सिंधूचं प्रेमिला केलं. नाव मीच निवडलं होतं, तांदळात मीच लिहिलं होतं. पण तुझा हात सवयीनं सिंधूच लिहे. तर तो म्हणे, दर बारीले एक तिकीट तुझं, त्याच्या मागं आपलं नवं नाव लिहीत जा, हात बसून जाईन. पहिल्या तिकिटावर तर नाव मावलंच नाही, तू भोयर कोपऱ्यात उभं लिहिलं होतं. 'प्रेमिला विश्वनाथ भोयर.' दोघं मिळून पाहत बसले होते, जसं काही लग्नाचा फोटो आला.

मंग तो काविळीनं गेला. आपण दोघी टेबलावर बसलो, तेव्हाही तू लिहीतच होती. तू माहेरी गेल्यावर मी लिहू लागली.

काहून लिहिलं, ते मले धड सांगता येत नाही. शाईनं लिहिलेलं तिकीट वापस जात नाही. वाटे, नाव आहे ना, मंग माणूस येईनच. लोक तिकीट काहून घेते हे मी इतकी वर्षं विकून राहिली तरी मले समजलं नोतं, ते आत्ता समजलं. बंगल्यासाठी नाही घेत वं. बंगला होत नाही हे त्यायलेही माहीत आहे. माणसाले पुढच्या हप्त्यात वाट पाहाले काही तरी लागते. काहीच नसलं तर सोमवार काय आन् गुरुवार काय, सारखाच. एका रुपयात कोणी वाट पाहाले देत असन तर महाग नाही ते.

पेपरात नंबर पाहिला तेव्हा मी चष्मा पुसून पुन्हा पाहिला. पुन्हा पुसला. मंग तोंडातून निघालं, "अवं, ये इकडे, पाह्य!" असं ओरडली आन् घरात पाहिलं. घरात कोणीच नोतं. चुलीवर दूध उतू गेलं होतं. मी ते पुसत बसली.

नानाजीले दाखवलं. त्यायनं तिकीट उलटंसुलटं केलं आन् म्हणाले, "भागीरथाबाई, मागं शाईनं नाव आहे. मंग पैसा त्या बाईचाच. तिनं सोता सही केली पाहिजे. खाडाखोड दिसली का तिकीट बाद. आन् मुदत संक्रांतीपर्यंत. मुंबईच्या लॉटरी ऑफिसचे कागद मी भरून देईन, पण बाई आणा." मी म्हणलं, आणते. अशी म्हणली जसं काही तू आतल्या खोलीत तांदूळ निवडून राहिली.

रविवारी सावनेरहून बापूजी आले, तुझे चुलतसासरे. त्यायले कोणी सांगतलं देव जाणे. इकडे ढुंकून पाहत नाही, पण पैशाचा वास आला का पहिली एस्टी पकडते. चहा पिऊन बशी खाली ठेवत म्हणते कसे, "वयनी, तिकिटाचा रुपया कोणी दिला? तुम्ही. मंग त्या नावाचं काय घेऊन बसल्या? ती पोट्टी तुमाले टाकून गेली. सहीचं काय, मी करतो तिची सही. डाव्या हातानं केली का कोणत्याही बाईची वाटते."

मी म्हणलं, "भाऊजी, चहा झाला ना? मंग आता एस्टी पाहा."

गेले. जाताना दाराले कडी आपटली. आपटू दे.

आता तू म्हणशीन, मले सरळ काहून नाही लिहिलं? लिहिलं असतं, 'दहा हजार लागले, ये', तर तू पहिल्या गाडीनं आली असती. कोणीही येईन. बापूजी नाही का आले! मंग मले जन्मभर समजलं नसतं का तू कोणासाठी आली. मले दहा हजारासाठी आलेली सून नोको. मले तू पाहिजे. टेबल गुंडाळून घरी येते, एका माणसाची भाजी करते, ती हमेशा खारट होते, आन् "माय, काय वं हे मीठ!" म्हणून ओरडायले कोणी नाही. मीच खाते आन् मीच गिळते. मले एकटं वाटते वं. लय एकटं वाटते.

हे पत्र टाकायचं नाही म्हणून लिहिलं.

भागीरथा


ता. १७ डिसेंबर
(कार्डावर)

प्रेमिला,

मले फार ताप आहे. अंथरुणावर पडून आहे. हे कार्ड भेटल्या-भेटल्या निघ.

लिहून झाल्यावर ध्यानात आलं का बर्डीचा पोस्टबाबू आपलं गिऱ्हाईक आहे, तो सगळ्यायचे कार्ड वाचते आन् मले रोज टेबलावर पाहते. तर असं समज का ताप होता, उतरला. तरी ये. सहीचं काम तसंच पडून आहे. संक्रांत जवळ येऊन राहिली.

भागीरथा


नागपूर, ता. ३० डिसेंबर १९७४

कोणत्या नावानं लिहू? म्हणून वर नावच नाही लिहिलं.

आज दुपारी टेबलावर एक माणूस आला. तिशीतला, पांढरी टोपी, पायजमा, हातात संत्र्याची पिशवी, खिशातून दवाखान्याची चिठ्ठी डोकावून राहिलेली. असे रोज पन्नास येते. सगळा विदर्भ धंतोलीले येते आन् जाताना बर्डीवर तिकीट घेऊन जाते. आजारपणात माणसाले वाटतेच का आता काही तरी चांगलं झालं पाहिजे.

"माय, एक तिकीट द्या."

"शेवटी कोणता आकडा पाहिजे?"

"कोणताही. तुमच्या हातानं काढा."

मी काढलं. "मागं नाव लिहू?"

"लिहा."

"कोणाचं?"

त्यानं टोपी काढली. वापस घातली. "सिंधू," म्हणाला. "सिंधू रुपराव डहाके."

"गाव?"

त्यानं गाव सांगतलं. तालुका नरखेड, तुझ्या माहेराचाच.

नरखेड तालुक्यात सिंधू नावाच्या बाया कमी आहे का? पण माझं पेन थांबलं. मी मान वर केली तर त्याची मान खाली. मंग मी रस्त्याच्या पल्याड पाहिलं. चपलाच्या दुकानाच्या पायरीवर तू उभी होती. हिरवी साडी, हातभर चुडा, पोट दिसून राहिलं होतं. पदर पुढे ओढला का सासूले ओळखू येत नाही असं वाटलं तुले? अवं, एका पायावर भार देऊन उभं राहायची तुझी ती रीत, त्यावरून मी तुले किती बोलली असन! ती काय पदरानं झाकते?

मी नाव लिहिलं. शाईनं. 

"तिच्या तब्येतीले काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही, माय. डॉक्टरीणबाईले दाखवलं. सहावा चालू आहे."

"चांगलं आहे म्हणते का डॉक्टरीण?"

"हो. रक्त कमी आहे म्हणते थोडं."

"गूळ-शेंगदाणे देजो. विहिरीवरून पाणी आणू देऊ नोको. ती नाही म्हणीन, ऐकू नोको."

"हो, माय."

तो खिशातून रुपया काढून राहिला. मी म्हणलं, राहू दे. तर म्हणते, "नाही, माय. ती म्हणली पैसे द्याच. म्हणली तिथं फुकट घेतलं का लागत नाही."

"अजून काय म्हणली?"

तो पिशवी या हातातून त्या हातात घेऊन राहिला. मागं दोन गिऱ्हाईक उभे होते, एक जण म्हणून राहिला, चला ना बाई, जल्दी करा. त्याच्याकडे मी अशी पाहिली का तो चुप झाला.

"म्हणली, माय कशी दिसते ते नीट पाहून येजा."

"मंग? पाह्यलं?"

"पाह्यलं."

"सांग तिले. चांगली दिसते म्हणून."

तो हात जोडून गेला. संत्र्याची पिशवी टेबलाच्या पायाशी विसरला. विसरला म्हणते मी, पण इतकी जड पिशवी कोणी विसरत नाही. घरी येऊन एक सोललं. आंबट निघालं. खोटं कायले बोलू, गोड होतं.

आता ऐक. पाट लावला तर लावला! आपल्यात पाट काही पाप नाही. माझ्या मोठ्या बहिणीचा लागला होता, तिले पुढं चार लेकरं झाली, सगळे चांगले आहे. मले सांगतलं असतं तर मी काय नाही म्हणली असती? मीच उभं राहून लावून दिला असता. नवं लुगडं घेतलं असतं. तुझ्या भावानं एक माणूस पाठवू नये? मी तुमची कोणीच नाही? इथं मी दर बारीले शाईचं नाव लिहून राहिली, पोस्टाच्या पेटीत पत्रं कोंबून राहिली, आन् तू तिकडे कुंकू लावून बसली! आठ महिन्यात तुले एक ओळ लिहिता नाही आली? 'माय, माझं असं असं झालं.' एवढंच. किती वेळ लागते त्याले?

रागात लिहिलं. राग आहे तर रागातच लिहीन.

पण मघाचं एक वाक्य खोटं आहे. मी हो म्हणली नसती. मी रडली असती, तुझ्या पायाशी बसली असती, विश्वनाथचं नाव काढलं असतं. आन् तू थांबली असती. तुले ते माहीत होतं, म्हणूनच तू पत्र नाही लिहिलं. तू मले बरोबर ओळखलं, त्याचाही मले राग आहे.

तिकीट माझ्या कमरेच्या पिशवीत होतं. मुदत इतकी जवळ आली, तुझा नवरा समोर उभा, काढून द्यायले किती वेळ लागला असता? हात गेलाच नाही. देऊन टाकलं का तुले इथं बोलवायले माझ्याजवळ काय राहते? रस्ता ओलांडून तुझ्याजवळ आली असती तर चाललं असतं. ओलांडला नाही. तूही नाही ओलांडला. सायकली, रिक्षे चालून राहिले मधातून आन् आपण दोघी आपापल्या जागी.

हेही पत्र टाकत नाही.


नागपूर, ता. ६ जानेवारी १९७५

चि. सौ. सिंधू हिले,

आशीर्वाद. या बारीले खरंच देते. तुले, तुझ्या नवऱ्याले आन् येणाऱ्या लेकराले.

पत्ता तुझ्या नवऱ्यानंच सांगतला होता, म्हणून तुझ्या भावाच्या घरी न पाठवता तिकडेच पाठवून राहिली. मधली दोन पत्रं मी टाकली नोती, तीही याच पाकिटात आहे. वाच, नाही तर चूल पेटवाले घे. त्यात तुले बोलली आहे. ते राहू दे, मी खोडत नाही.

सोबत तिकीट आहे. नीट पाह्य, दोन कागदायच्या मधात ठेवलं आहे. दिवाळीच्या सोडतीतलं. तिसरं बक्षीस, दहा हजार, ते हेच. मागच्या बाजूले तुझं नाव आहे. सहीचं काम म्हणून मी तुले बोलवत होती ते हे. पहिल्या पत्रातच सांगाले पाहिजे होतं. सांगतलं नाही, कारण मले तू पैशासाठी आलेली नको होती. आता तू यायची नाही हे मले समजलं आहे, मंग तिकीट माझ्याजवळ ठेवून मी काय त्याची पूजा करू?

काल नानाजीले जाऊन सगळं विचारून आली. ते म्हणाले, "तिकिटावर 'प्रेमिला विश्वनाथ भोयर' आहे, तर सही त्याच नावानं लागीन. सिंधू रुपराव डहाके लिहिलं तर मुंबईवाले पैसे देत नाही. सरपंचाचा आन् तलाठ्याचा दाखला आणा का ही आन् ती एकच बाई." मी म्हणलं, एकच आहे, मी सांगते ना! ते म्हणाले, तुमचं सांगणं चालत नाही, भागीरथाबाई. तर तो दाखला घे. रुपरावले सांग, मनाले लावून घेऊ नोको, एका सहीपुरतं जुनं नाव काढायचं आहे. तो समजूतदार वाटला मले. माणूस चांगला आहे. हे मी त्याच्यासमोर बोलणार नाही, तू बोल.

दाखला भेटला का इतवारीले नानाजीच्या दुकानात जा. संक्रांतीच्या आत गेलीच पाहिजे, उशीर करू नोको, पोट घेऊन धावपळ करू नोको, रुपरावले सोबत घे. नरखेडहून गाडीनं ये आन् ठेसनावरूनच इतवारीची रिक्षा कर. सरळ रस्ता आहे. बर्डीवरून यायची काही गरज नाही. हे मी टोमणा मारून नाही लिहिलं. माझ्या मनात काही नाही असंही नाही. आहे. पण ते तुझ्या गळ्यात बांधत नाही.

पैसे तुझे आहे. त्यातला एक पैसा मले पाठवू नोको, पाठवला तर वापस करीन आन् वरून बोलीन. विकणाऱ्याचं कमिशन मले नानाजीनं वेगळं दिलं, त्यात टेबलाले नवी छत्री घेतली. जुनी गळत होती, आन् झेंडूचा हारही वाळून गेला होता. बापूजींचं ऐकू नोको, ते तिकडेही येईन. आले तर चहा दे आन् एस्टीचा टाइम सांग.

लेकरू झालं का कार्ड टाक. पोट्टं असो का पोट्टी. नाव काय ठेवलं ते लिही. आन् पोट्टी झाली तर तिचं लग्न होईन तेव्हा तिच्या सासूले सांगजो का नाव बदलू नोको. कायले बदलावं? बारशात ठेवलेलं असते, चांगलं असते.

परवा नवी तिकिटं आली. बांधलेल्या गिऱ्हाइकायची काढली, गार्डसाहेबांचं सातवालं, यमुताईचं, सगळ्यायचं. मंग सवयीनं अजून एक अलग काढलं आन् पेन उघडलं. लिहिणार तर ध्यानात आलं का आता ते नाव कोणाचंच नाही. टोपण लावलं. ते तिकीट चालत्या गिऱ्हाइकाले विकून टाकलं. दिवसभर मले असं वाटून राहिलं का घरी काही तरी विसरून आली. संध्याकाळी बसूनच राहिली, टेबल गुंडाळावंसं वाटे ना. समोरचा टेबलवाला, त्याच्याशी मी कधी बोलत नाही, तो येऊन म्हणाला, "बाई, तब्येत ठीक आहे ना?" मी म्हणलं, "तुमाले काय करायचं आहे?" मंग वाईट वाटलं. त्याले एक संत्रं दिलं.

पोस्टबाबूले विचारलं, इतक्या पैशाची चीज पाकिटात कशी पाठवायची. तो म्हणाला, रजिस्टर करा आन् पोच लावा. पोच म्हणजे काय, तर पाकिटासोबत एक चिठ्ठी जाते, पाकीट घेणारा त्यावर सही करते, आन् ती चिठ्ठी पोस्टमन इकडे माझ्याकडे वापस आणते. मी म्हणलं, लाव गा, लागते ते पैसे घे.

तर तुले दोन सह्या करायच्या आहे, घोटाळा करू नोको. नानाजीकडे तिकिटावर जसं आहे तसं, प्रेमिला. पोस्टमनच्या पोचेवर सिंधू लिहिजो; ती सही पाकीट फोडायच्या आधीच होते, म्हणून हे पाकिटावरही लिहून राहिली. सोताच्या हातानं लिही, रुपरावले करू देऊ नोको. मले तेवढं एक पत्र येईन तुझं.

भागीरथा